आत्मिक वारस : संगणकीय खेळांच्या इतिहासातील एका संकल्पनेची चिकित्सा

वाङ्मयाच्या इतिहासलेखनात 'परंपरा' हा शब्द जितक्या सहजपणे वापरला जातो, तितक्या सहजपणे तो तपासला जात नाही. एखादी कृती दुसऱ्या कृतीची वारस आहे असे म्हणताना समीक्षक आशयसाम्य, रचनाबंधाचे साम्य, वाङ्मयप्रकाराचे संकेत किंवा लेखकाने दिलेली कबुली यांपैकी कशाचा तरी आधार घेतो; परंतु वारसा म्हणून नेमके काय संक्रमित होते, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. साहित्याला हे परवडते, कारण रामकथा कोणाच्याही मालकीची नाही. 'उत्तररामचरित' लिहिण्यासाठी भवभूतीला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, की सीतेचे नाव बदलावे लागले नाही. ज्या कलाप्रकारात पूर्वकृतीचे नाव, पात्रे आणि कल्पित विश्व ही जन्मापासूनच एखाद्या कंपनीची मालमत्ता असतात, तेथे मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. 'व्हिडिओ गेम' या नावाने सर्वपरिचित असलेला संगणकीय खेळ हा असा कलाप्रकार आहे.

या क्षेत्रात 'आत्मिक वारस' अशी एक संकल्पना रूढ झाली आहे. अधिकृत उत्तरभाग पूर्वकृतीचे नाव धारण करतो. आत्मिक वारसाला ते नाव नसते, त्यातील पात्रे नसतात, बहुधा ते कल्पित विश्वही नसते. तरीही त्याचे कर्ते आणि खेळाडू त्याला त्या पूर्वकृतीचाच पुढचा जन्म मानतात. ही संकल्पना जाहिरातीच्या भाषेतून आणि खेळाडूंच्या बोलण्यातून आली असल्याने ती सैल आहे. परंतु तिच्यातील 'आत्मा' या शब्दाची चिकित्सा केल्यास वाङ्मयीन परंपरेच्या प्रश्नावरही काही प्रकाश पडू शकतो. त्या दृष्टीने काही निवडक खेळांचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

१

१९८८ साली 'वेस्टलँड' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतील इंटरप्ले या संस्थेने तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने प्रकाशित केला. ब्रायन फार्गो यांच्या नेतृत्वाखालील या खेळाच्या रचनाकारांत केन सेंट आंद्रे आणि मायकेल स्टॅकपोल हे दोघे होते. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचे रचनाकार म्हणून ते आधीच परिचित होते. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकन वाळवंटात फिरणारी रक्षकांची एक तुकडी हा या खेळाचा विषय. तुकडीतील प्रत्येकाला वेगवेगळी कौशल्ये असतात, आणि एकच अडचण कुलूप उघडून, भिंत चढून किंवा बळ वापरून अशा अनेक मार्गांनी सोडवता येते. शिवाय खेळाडूने केलेले बदल फ्लॉपीवर कायम राहतात : मारलेला माणूस पुन्हा उभा राहत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेईल अशी या खेळाची एक बाजू म्हणजे त्याच्यासोबत दिलेली छापील पुस्तिका. फ्लॉपीवर दीर्घ मजकुराला जागा नसल्याने कथनाचे परिच्छेद या पुस्तिकेत क्रमांक देऊन छापले होते. योग्य वेळी पडद्यावर सूचना येई, आणि खेळाडूने पुस्तिकेतील अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचावा अशी अपेक्षा असे. जो वाचक कुतूहलाने पुढचे परिच्छेद आधीच वाचील, त्याला चकवण्यासाठी काही परिच्छेद मुद्दाम खोटे घातले होते. त्यांत मंगळाशी संबंधित असे एक संपूर्ण बनावट कथानकही होते. संहिता वाचकाच्या वाचनक्रमावर अधिकार सांगते, आणि तो मोडणाऱ्याला फसवून दंड करते, असा हा प्रकार होय. तांत्रिक टंचाईतून कथनाची नवी युक्ती निर्माण होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पुढे टंचाई संपली आणि युक्तीही अनावश्यक ठरली. कोणत्याही वारसाला ही पुस्तिका मूळ अर्थाने वारसाहक्काने मिळणे शक्य नव्हते. पूर्वकृतीतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण गोष्टच कित्येकदा असंक्रमणीय असते, हे या ठिकाणी लक्षात घ्यावयास हवे.

'वेस्टलँड'चे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे राहिले. त्या कंपनीने १९९० साली इंटरप्लेला बाजूला ठेवून 'फाउंटन ऑफ ड्रीम्स' हा अणुयुद्धोत्तर फ्लोरिडात घडणारा खेळ प्रसिद्ध केला. विषय तोच, प्रकाशक तोच. परंतु उत्तरभाग म्हणून तो मांडला गेला नाही आणि खेळाडूंच्या स्मृतीतही त्याला तसे स्थान मिळाले नाही. उलट इंटरप्लेमध्ये टिम केन यांनी आरंभलेला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेला 'फॉलआउट' हा खेळ 'वेस्टलँड'चा वारस म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नाव इंटरप्लेला मिळू शकले नव्हते, म्हणूनच नवे नाव आणि नवे विश्व निर्माण करणे भाग पडले होते.

या दोन खेळांतील साम्यभेद बारकाईने पाहण्यासारखे आहेत. 'वेस्टलँड'मध्ये तुकडी आहे, 'फॉलआउट'मध्ये एकटा नायक. 'वेस्टलँड'ची नियमव्यवस्था सेंट आंद्रे आणि स्टॅकपोल यांच्या कागदी खेळांतून आलेली; 'फॉलआउट'ची 'गर्प्स' या वेगळ्याच कागदी खेळाच्या परवान्यावर उभी राहिली, आणि १९९७ मध्ये तो परवाना सुटल्यावर नवी नियमव्यवस्था घाईने रचावी लागली. केन, लिओनार्ड बॉयार्स्की, जेसन अँडरसन, ख्रिस टेलर ही 'फॉलआउट'ची प्रमुख मंडळी 'वेस्टलँड'च्या रचनाकारांपैकी नव्हती. म्हणजे कर्ते वेगळे, नियम वेगळे, नायक वेगळा, नावही वेगळे. मग वारसा कशाचा?

अणुयुद्धोत्तर वाळवंट हे उत्तर पुरेसे नाही. ते 'फाउंटन ऑफ ड्रीम्स'ला आणि कित्येक चित्रपटांनाही लागू पडेल. समाधानकारक उत्तर कृती आणि परिणाम यांच्या नात्यात सापडते. 'फॉलआउट'चा नायक एका भूमिगत आश्रयस्थानातून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सुटा भाग शोधण्यासाठी १५० दिवसांची मुदत घेऊन बाहेर पडतो. शेवटी त्याची गाठ ज्या खलनायकाशी पडते, त्याला शस्त्राने मारता येते. पण त्याने निर्माण केलेली नवी मानवजात प्रजननक्षम नाही हा पुरावा त्याच्यासमोर ठेवला, तर केवळ युक्तिवादानेही त्याचा पराभव होतो. एका अडचणीचे अनेक मार्ग आणि निवडलेल्या मार्गाची न पुसली जाणारी खूण, हे 'वेस्टलँड'चे मूलतत्त्व येथे नैतिक प्रश्नापर्यंत नेलेले आहे. आश्रयस्थान वाचवून परतलेल्या नायकाला तेथील प्रमुख पुन्हा आत घेत नाही, हा शेवट त्याच तत्त्वाची परिणती होय. वारशाचा 'आत्मा' कथेत वा पात्रांत नसून खेळाडूच्या कृतीला जग कसे उत्तर देते यात आहे, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

२

कृतींमधील साम्याचा विचार संस्कृत साहित्यशास्त्राने फार पूर्वी केला होता, आणि तो करताना त्याने आत्मा आणि देह हीच परिभाषा वापरली होती. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धन दोन कवींच्या काव्यांतील संवादाचे, म्हणजे साम्याचे, तीन प्रकार सांगतो : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे, आणि समान देह असलेल्या दोन माणसांसारखे. पहिल्याला स्वतंत्र आत्मा नसतो. दुसऱ्याचा आत्मा क्षुद्र असतो. हे दोन्ही कवीने टाळावेत. तिसऱ्यात मात्र शरीरे सारखी असली तरी आत्मा स्वतंत्र असतो, म्हणून त्याचा त्याग करण्याचे कारण नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या वर्गीकरणात चौथ्या प्रकाराची भर घातली आणि त्याला 'परपुरप्रवेशसदृश' असे नाव दिले. 'पुर' म्हणजे येथे शरीर. ज्या ठिकाणी मूळ वस्तू एकच, परंतु तिच्याभोवतीची मांडणी फार वेगळी, तेथे हा प्रकार होतो.

आनंदवर्धनाला मान्य असलेला प्रकार आणि राजशेखराने घातलेली भर यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. पहिल्यात देह सारखा आणि आत्मा वेगळा. दुसऱ्यात आत्मा तोच आणि देह वेगळा. 'आत्मिक वारस' ही आधुनिक संज्ञा राजशेखराच्या चौथ्या प्रकाराशी जवळजवळ शब्दशः जुळते. मात्र एक भेद विसरता येत नाही. राजशेखराच्या कवीने परपुरप्रवेश केला तो कलात्मक चातुर्य म्हणून. संगणकीय खेळांच्या कर्त्यांना तो बहुधा सक्तीने करावा लागला, कारण मूळ देहावर दुसऱ्याची मालकी होती.

सक्तीतूनही सर्जक टीका निर्माण होऊ शकते, हे 'सिस्टिम शॉक' आणि 'बायोशॉक' यांच्या नात्यावरून दिसते. लुकिंग ग्लास या संस्थेच्या 'सिस्टिम शॉक' (१९९४) मध्ये एका अंतराळस्थानकावरील माणसे मरून गेलेली आहेत. त्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित नोंदींमधून खेळाडू घडलेली कथा जुळवतो. संगणकाशी खोटे वाटणारे संवाद करण्यापेक्षा जिवंत माणसेच नकोत, असा हा निर्णय होता. १९९९ मध्ये इरॅशनल या संस्थेच्या सहकार्याने 'सिस्टिम शॉक २' आला. त्यात खेळाडूला सूचना देणारा विश्वासू आवाज प्रत्यक्षात शत्रूचाच असल्याचे उघड होते. २००० साली लुकिंग ग्लास बंद पडली. नावाचा ट्रेडमार्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे, तर इतर हक्क एका विमा कंपनीकडे गेले, आणि पुढील अनेक वर्षे या मालिकेत नवी कृती होऊ शकली नाही.

केन लेव्हिन यांच्या दिग्दर्शनाखाली इरॅशनलमध्येच तयार झालेला 'बायोशॉक' (२००७) अंतराळ सोडून समुद्रतळाशी बांधलेल्या एका शहरात जातो. आयन रँड यांच्या विचारांवर बेतलेल्या निर्बंध व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वावर हे शहर वसवलेले आणि कोसळलेले आहे. ध्वनिमुद्रित नोंदी येथेही आहेत, फसवा मार्गदर्शकही आहे. परंतु येथे फसवणुकीचा रोख पात्राकडून खेळाडूकडे वळतो. एक सभ्य विनंतीवजा वाक्प्रयोग ऐकताच आज्ञा पाळण्याची सक्ती नायकाच्या मनावर बिंबवलेली असल्याचे उघड होते, तेव्हा तोवर प्रत्येक सूचना निमूटपणे पाळणाऱ्या खेळाडूलाही आपल्या आज्ञाधारकपणाचा हिशेब द्यावा लागतो. निवडीच्या स्वातंत्र्याचा गौरव करणाऱ्या कलाप्रकाराने त्या स्वातंत्र्याची घेतलेली ही उलटतपासणी आहे. पूर्वकृतीत जी कथानकातील कलाटणी होती, ती वारसाने कलाप्रकारावरील भाष्य बनवली. परपुरप्रवेशाचे सामर्थ्य असे असते.

३

कायदा या व्यवहाराकडे कसा पाहतो? स्वामित्वहक्क अभिव्यक्तीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तो देहाचा मालक ठरवतो आणि आत्म्याला बेवारस सोडतो. आत्मिक वारसाला अस्तित्वात येण्यासाठी जी फट लागते, ती येथेच आहे. या फटीची सीमा जपानमधील एका खटल्यात रेखली गेली. निन्टेन्डोच्या 'फायर एम्ब्लेम' (१९९०) या मालिकेचे मूळ रचनाकार शोझो कागा यांनी ती सोडल्यानंतर 'टिअररिंग सागा' हा खेळ केला, आणि २००१ मध्ये एंटरब्रेन या कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्याचे आधी जाहीर झालेले नाव 'एम्ब्लेम सागा' होते. निन्टेन्डोने दावा लावला. २००४ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचे मान्य केले नाही. मात्र हा खेळ जुन्या मालिकेतीलच असल्याचा समज ग्राहकांत निर्माण झाला, म्हणून अनुचित स्पर्धेविषयीच्या कायद्याखाली सुमारे ७ कोटी ६० लाख येन भरपाई द्यावयास लावली. २००५ मध्ये हा निर्णय अंतिम झाला.

या निर्णयाचा वाङ्मयीन अर्थ असा होतो की, वारसा घेणे हा अपराध नाही. तो मोठ्याने सांगणे हा अपराध ठरू शकतो. साहित्यात पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे हा शिष्टाचार आहे आणि ते लपवणे हे वाङ्मयचौर्य. येथे नेमके उलट घडते. स्वतःच निर्माण केलेल्या मालिकेशी असलेले आपले नाते कर्त्याला सूचक भाषेत मांडावे लागते, आणि ते ओळखण्याचे काम खेळाडूवर सोपवावे लागते. 'आत्मिक' हे विशेषण या सूचक भाषेतूनच आपले बळ मिळवते. जे वाच्य करता येत नाही ते व्यंग्य ठेवावे लागते.

४

२०१२ नंतर या इतिहासात खेळाडू नव्या भूमिकेत उतरला. किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागून खेळ करण्याची प्रथा सुरू झाली. फार्गो यांच्या इनएक्साइल या नव्या संस्थेकडे 'वेस्टलँड'चे नाव २००३ मध्येच आले होते. २०१२ मध्ये त्यांनी ९ लाख डॉलर मागितले आणि सुमारे २९ लाख डॉलर जमले. 'वेस्टलँड २' २०१४ मध्ये, म्हणजे मूळ कृतीनंतर २६ वर्षांनी, प्रसिद्ध झाला. २०१२ मध्येच ऑब्सिडियन या संस्थेने 'बाल्डर्स गेट'च्या (१९९८) धर्तीवरील खेळासाठी सुमारे ४० लाख डॉलर जमवले आणि २०१५ मध्ये 'पिलर्स ऑफ इटर्निटी' आणला. २०१५ मध्ये कोजी इगाराशी यांनी 'कॅसलव्हेनिया'च्या आत्मिक वारसासाठी ५५ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. 'ब्लडस्टेन्ड' २०१९ मध्ये आला आणि त्याचे स्वागत झाले. 'मेगा मॅन'शी दीर्घकाळ निगडित असलेल्या केजी इनाफुने यांचा 'मायटी नंबर ९' मात्र सुमारे ३८ लाख डॉलर मिळवूनही २०१६ मध्ये निराशा करून गेला.

आश्रयदाता राजा गेला आणि त्याच्या जागी हजारो वर्गणीदार आले, असे या बदलाचे वर्णन करता येईल. परंतु या आश्रयदात्याची मागणी विशिष्ट होती : पूर्वी मिळालेला अनुभव पुन्हा मिळावा. अशा वेळी कृती आनंदवर्धनाने निषिद्ध ठरवलेल्या प्रतिबिंबाकडे झुकण्याचा धोका असतो, आणि 'मायटी नंबर ९'चे अपयश त्या दिशेने समजून घेता येते. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'ने सहा जणांची तुकडी, वरून तिरके दिसणारे रंगवलेले पट, मध्येच थांबवता येणारा संग्राम ही देहरचना जवळजवळ तशीच ठेवली, पण धर्म आणि आत्म्यांचे पुनर्जन्म यांविषयीचे स्वतःचे विश्व तिच्यात घातले. हा तुल्यदेही प्रकार होय.

या सर्वांत विचारप्रवर्तक कृती म्हणजे २०१७ चा 'टॉर्मेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा'. त्यासाठी २०१३ मध्ये ४१ लाख डॉलरहून अधिक जमले होते, आणि १९९९ च्या 'प्लेनस्केप : टॉर्मेंट'चा आत्मिक वारस म्हणूनच तो मांडला गेला. मूळ खेळाचा नायक अमर आणि विस्मृतिग्रस्त आहे. माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो हा त्याच्यापुढचा प्रश्न. वारसाने प्रश्न बदलला : एका आयुष्याचे मोल काय? आणि त्यासाठी रचलेले कथानक परकायाप्रवेशाचेच आहे. एक पुरुष मृत्यू टाळण्यासाठी नवनवी शरीरे निर्माण करून त्यांत शिरतो आणि जुनी टाकून देतो. टाकलेल्या प्रत्येक शरीरात त्यानंतर स्वतंत्र जाणीव जागी होते. खेळाडू ज्याची भूमिका घेतो तो असाच एक टाकून दिलेला देह आहे. दुसऱ्याच्या वापरासाठी घडवलेल्या देहाला स्वतःचा आत्मा असू शकतो का, हा त्याचा प्रश्न प्रत्येक आत्मिक वारसाला विचारता येण्यासारखा आहे. संज्ञेने गृहीत धरलेले 'तोच आत्मा, नवा देह' हे सूत्र ही कृती नाकारते. तिच्या मते देह बदलला की आत्माही दुसराच होतो, आणि तो दुसरा असण्यातच त्याचे मोल आहे.

५

नावाचा प्रवास मात्र वेगळ्या मार्गाने चालू राहिला. 'फॉलआउट' हे नाव बेथेस्डाने २००७ मध्ये विकत घेतले. २००८ चा 'फॉलआउट ३' नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा, बऱ्याच अंशी वेगळ्या घडणीचा खेळ होता. नाव असलेला हा खेळ खरा वारस, की जुन्या मंडळींपैकी काहींनी ऑब्सिडियनमध्ये केलेला 'फॉलआउट : न्यू व्हेगास' (२०१०), की केन आणि बॉयार्स्की यांचा नाव नसलेला 'द आउटर वर्ल्ड्स' (२०१९), असा वाद खेळाडूंत होत राहिला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने इनएक्साइल आणि ऑब्सिडियन या दोन्ही संस्था घेत असल्याचे जाहीर केले, आणि २०२१ मध्ये बेथेस्डाची मालक कंपनीही घेतली. ज्या नावाच्या अभावी 'फॉलआउट' जन्मला ते 'वेस्टलँड' आणि स्वतः 'फॉलआउट' अशी दोन्ही नावे एकाच मालकाकडे आली. मालकीच्या दृष्टीने पूर्वज आणि वारस यांतील भेद पुसला गेला. भेद उरला तो केवळ इतिहासकाराच्या दृष्टीत.

हा भेद जपण्याची निकड केवळ तात्त्विक नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. पूर्वज वाचता येत नसेल तर त्याच्याविषयीचे ज्ञान वारसाच्या मार्फतच होते, आणि वारसाने जे घेतले नाही ते विस्मृतीत जाते. 'वेस्टलँड'च्या पुस्तिकेतील खोटे परिच्छेद ही त्याचीच खूण आहे. अनुवादातून उरलेल्या लुप्त ग्रंथाप्रमाणे या कलेचा इतिहास वारसांच्या निवडीवर अवलंबून राहू लागतो.

म्हणूनच 'आत्मिक वारस' ही संज्ञा जशीच्या तशी स्वीकारणे समीक्षेला शक्य नाही, आणि ती टाकून देणेही योग्य नाही. ती स्वीकारल्यास आत्मा नावाची अपरिवर्तनीय वस्तू एका देहातून दुसऱ्यात जाते असा भ्रम होतो, आणि शेकडो माणसांचे श्रम, परवाने, टंचाई, वर्गणीदारांच्या अपेक्षा या सगळ्या गोष्टी दृष्टिआड होतात. ती टाकल्यास कंपन्यांच्या दफ्तरातील नावांची यादी हाच इतिहास ठरतो. त्या इतिहासात 'फॉलआउट' हा 'वेस्टलँड'चा कोणीही नसतो. या दोहोंमधील मार्ग राजशेखराने सुचवला आहे : मूळ कोणते, मांडणी किती दूर गेली, आणि त्या दूर जाण्याने काय नवे साधले, हे प्रत्येक कृतीत वेगळे तपासावे. रामकथेच्या परंपरेचा अभ्यास करताना हे प्रश्न ऐच्छिक वाटत आले. ज्या काळात कथांचीच मालकी निश्चित केली जाते, त्या काळात ते अपरिहार्य ठरतात.